आईचा उसना चेहरा

कतारमध्ये, वक्र्याच्या आमच्या घरात जेवणाचं टेबल होतं, चांगलं काचेचं, सहा खुर्च्यांचं, पण त्यावर आम्ही जेवल्याचं मला फारसं आठवत नाही. शेखरकाका आला आणि टेबल गेलं. म्हणजे जागेवरच राहिलं, पण त्याच्यावर दोन मोठे मॉनिटर, स्पीकर, वायरींचं गुंतवळ आणि काकाच्या चहाचे न विसळलेले कप आले, आणि आम्ही चौघं खाली सुफ्रा अंथरून जेवायला लागलो. सुफ्रा म्हणजे प्लास्टिकचा पातळ कागद. कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, त्याची गुंडाळी मिळायची. जेवण झालं की खरकट्यासकट गोळा करायचा आणि फेकायचा, असा इथला रिवाज. आई तो पुसून, घडी घालून परत वापरायची. फेकायच्या वस्तू जपून ठेवायची खोड तिला नाशिकपासूनची. बाबा म्हणायचे, "अगं, कतारमध्ये राहतो आपण आता," आणि आई म्हणायची, "मग? इथे काय प्लास्टिक झाडाला लागतं?"

शेखरकाका बाबांचा धाकटा भाऊ. 'आमचा शेखर, हॉलिवूडचा एडिटर,' अशी बाबा त्याची ओळख करून द्यायचे, बंदरावरच्या ऑफिसात, मंडळाच्या गणपतीत, भाजीवाल्या मल्याळी अण्णाकडेसुद्धा. खरं म्हणजे काका तिकडे बरीच वर्षं असिस्टंटच होता. दुसऱ्यांनी कापलेली रिळं लावायची, नावं घालायची, आवाज जुळवायचे. त्याचं नाव पडद्यावर यायचं ते अगदी शेवटी, लोक खुर्च्या सोडून उठल्यावर. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे मीही तिथे काम केलं, माझंही नाव आधी शेवटीच यायचं, तेव्हा त्याचं दुःख मला कळलं. कळलं म्हणून माफ केलं असं मात्र कुणी समजू नये.

फुटबॉलचा वर्ल्डकप यायचा होता. सगळा देश खणून ठेवलेला. आमच्या गावाला स्टेडियम होत होतं आणि मेट्रोची लाईन येत होती, त्यामुळे सकाळी आधी डंपर ऐकू यायचे, मग अजान, मग आईच्या कुकरची शिट्टी. बाल्कनीच्या कठड्यावर बोट फिरवलं तर धुळीची पिठी लागायची. बाबा हमद पोर्टवर कंटेनर कुठे उतरवायचे, कुठे रचायचे ते बघत, आणि घरी येऊन 'आज स्टेडियमच्या खुर्च्या आल्या,' 'आज दिवे आले' असं सांगत. जसं काही लग्नाचं सामानच येतंय. त्या स्टेडियमवर आणि त्याच्या आजूबाजूला राहणाऱ्या कुटुंबांवर एक फिल्म करायचं काम काकाला मिळालं होतं. कंपनी हॉटेल देत होती. "सख्खा भाऊ असताना हॉटेलात?" असं बाबा फोनवर ओरडले, आणि आई स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, "देतायत तर घ्यावं माणसाने."

मी बारावीत होते. आई मराठीत बोलायची आणि मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचे. आमच्या शाळेतल्या सगळ्यांच्याच घरी तसं चालायचं. काकाने आल्या आल्या सांगितलं, "केतू, माझ्या खुर्चीशेजारी बसायचं तर मराठीत बोलायचं. तिकडे मला कुणी बोलायला नव्हतं." बसायचं होतंच मला. शाळेतून आले की दप्तर टाकून मी त्या टेबलाशी. काका बोटं चालवायचा आणि माणसं उलटी चालायची, तोंडातला घास ताटात परत जायचा, आवाज उलटे यायचे. आई म्हणायची, "दुपारच्या वेळी भुतं बोलवू नका रे घरात." काका शिकवायचा फार छान. हे मी नाकारणार नाही, नाकारलं तर जीभ झडेल माझी. "डोळे मीट," म्हणायचा. "आता नुसतं ऐक. माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो. तो श्वास सापडला की कुठे कापायचं ते कळतं. कान आधी, डोळा नंतर." आजसुद्धा मी नवं काम हातात घेतलं की पहिल्यांदा डोळे मिटून ऐकते. माझ्या हाताखालच्या मुली हसतात.

दोन गोष्टी त्याने मला पहिल्याच आठवड्यात शिकवल्या. पहिली म्हणजे, कटिंगच्या खोलीतलं खोलीतच राहतं. तिथे माणसं चुकलेली, शिव्या दिलेली, रडलेली असं सगळं आपण बघतो. जे जायचं तेवढंच बाहेर जातं, बाकीचं आपल्या पोटात. दुसरी गोष्ट म्हणजे उसना चेहरा. एका ठिकाणचा चेहरा उचलायचा आणि दुसऱ्या ठिकाणी लावायचा. "चेहऱ्याला काय माहीत तो काय बघतोय?" काका म्हणाला, आणि त्याने खेळ करून दाखवला. भारताची विकेट पडताना बाबांचं तोंड कसं होतं ते त्याने चोरून टिपलं होतं. त्याच्या आधी त्याने आईच्या दुधीच्या भाजीचं ताट लावलं. झालं! भाजी समोर आली आणि बाबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं! आम्ही लोळलो हसून. बाबाही हसले. आई पदराने डोळे पुसत हसली आणि मग म्हणाली, "पण भाऊजी, हे खोटं झालं की."

"खोटं नाही वहिनी. उसनं."

"उसनं घेतलेलं परत द्यावं लागतं," आई म्हणाली. "आणि वाटी रिकामी देत नाहीत."

काकाने मान डोलावली आणि चहा मागितला.

मग त्याने मला अभ्यास दिला. घरातल्या कुणालातरी बोलतं कर, शूट कर आणि त्यातलं नको ते सगळं काढून टाक. मी आईला धरलं. ती आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, "कर बाई. पण मी कुरडया करताना. मला बसून बोलता येत नाही. आणि हे तुझ्यापुरतं हं. बाबांना नाही दाखवायचं, भाऊजींना तर नाहीच नाही." मशीन एकच होतं, काकाचं. तेव्हा मी सरळ काकाकडे गेले आणि सांगितलं की माझ्या फोल्डरला तू हात लावायचा नाहीस. तो हसला. डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझा फोल्डर तुझा. खोलीतलं खोलीतच, विसरलीस का?" मला तेव्हा केवढं मोठं झाल्यासारखं वाटलं होतं! एडिटर-एडिटरमधली बोली झाली होती ना ती.

गहू भिजवून, वाटून, सत्त्व काढून आईने चीक शिजवायला घेतला. खिडकीतून उन्हाचा पांढरा उजेड तिच्या तोंडावर येत होता. मी फोन डब्यांना टेकवून ठेवला आणि वाटीत चीक, दूध, साखर घेऊन समोर ओट्यावर चढून बसले. आई आधी नाशिकच्या गच्चीबद्दल बोलली. कुरडयांवर कावळे बसू नयेत म्हणून आजी छत्री घेऊन बसायची, आणि कावळ्यांपेक्षा आम्हीच जास्त ओल्या कुरडया पळवायचो, वगैरे. मग बोलता बोलता आजीच्या जाण्यावर आली. मला एवढंच माहीत होतं की आजी गेली तेव्हा आई जाऊ शकली नव्हती. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. आता तिनेच सांगितलं, तिचा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी बाबांच्या कंपनीत अडकला होता. बाबा साहेबाला एकदा विचारून आले. साहेब म्हणाला इन्शाल्ला उद्या, आणि बाबा घरी येऊन बसले. मामाच्या मुलाने मोबाईल धरून आईला सगळं दाखवलं. हात हलत होता त्याचा. लोकांच्या पाठी दिसत होत्या. आणि शेवटचं तोंड दाखवायला त्याने फोन खाली नेला, तेव्हाच नेट गेलं.

"ह्यांनी जोर लावला असता तर मिळाला असता गं पासपोर्ट," आई म्हणाली. "साहेबापुढे उभं राहायची ह्यांना भीती वाटली. मी कधी बोलले नाही. बोलून काय, संसारच करायचाय. पण माझ्या आईचं तोंड मी नाही बघितलं ते नाहीच बघितलं." हे म्हणायच्या आधी तिने श्वास घेतला होता, अर्धा घेऊन थांबली, मग उरलेला घेतला. ती रडत होती, पण हात थांबवला नव्हता, थांबला असता तर चिकात गाठी झाल्या असत्या. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि त्या भरल्या डोळ्यांनीच एकदम हसली. "हनुवटीला चीक लागलाय बघ, घोडे," म्हणाली.

ते हसू माझं होतं. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते. त्या उजेडात त्या ओट्यापाशी जे आई हसली ते मला बघून हसली. दुसरं तिसरं काही समोर नव्हतं तिच्या.

कानाला हेडफोन लावून मी ते कितीतरी दुपारी ऐकत राहिले, कापत राहिले. शेवटी काहीच कापवेना. तसंच ठेवून दिलं. काका शेजारी वैतागलेला असायचा. कंपनीच्या लोकांना त्याची फिल्म थंड वाटत होती. 'क्रेन आहेत, खुर्च्या आहेत, माणूस कुठाय?' असं विचारत होते. तो अंगठ्याचं नख कुरतडायचा. एक दिवस मी शाळेतून आले तर तो खुशीत होता. "यल्ला केतू, खलास! झाली पिक्चर!" म्हणाला आणि सगळ्यांना कुनाफा, इथली चीजची मिठाई, आणला. मीही खाल्ला. आठवलं की अजून तोंड कडू होतं.

वक्र्याच्या समुद्राकाठी, बाजाराच्या पुढच्या पटांगणात मोठा पडदा लावला होता. संध्याकाळची वेळ, दमट वारा, कडक चहाचे कागदी पेले घेऊन सगळे उभे. मंडळातली झाडून सगळी माणसं आली होती. आईने ठेवणीतली पैठणी नेसली होती, दिराची फिल्म म्हणून. पडद्यावर वाळू दिसली, क्रेन दिसल्या, कामगारांचे हेल्मेट घातलेले चेहरे दिसले. मग अंधार. मग स्टेडियमचे दिवे एकेक करत लागले, गाणं चढत गेलं, आणि सगळे दिवे लागल्यावर पडदाभर माझ्या आईचं तोंड आलं. डोळे भरलेले. एक थेंब गालावरून ओघळला. आणि मग ती हसली.

टाळ्या काय वाजल्या म्हणून सांगू! आईच्या आईचं मरण होतं ते, आणि लोक शिट्ट्या मारत होते. स्टेडियमचे दिवे बघून एका गृहिणीचे डोळे भरून आले असं सगळ्यांना दिसलं, काकाने दाखवलंच तसं. "अहो वहिनी, हिरॉईन झालात की!" असं म्हणत बायका आईभोवती जमल्या. बाबांचा ऊर भरून आला होता. ते काकाच्या खांद्यावर हात टाकून म्हणत होते, "मला माहीतच नव्हतं रे, हिला एवढं वाटतं इथल्याबद्दल." मी आईकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत नव्हती, काकाकडेही नाही. ती माझ्याकडे बघत होती.

घरी माणसं जेवायला आली. हॉलमध्ये बाबा आणि पाहुणे, जोरजोरात हसणं चाललेलं. आई पुऱ्या तळत होती, मी लाटत होते. काका पाण्याची बाटली घ्यायला आत आला. आईने झारा खाली ठेवला नाही, मानही वर केली नाही. हळू आवाजात विचारलं, "भाऊजी, ते तुम्हाला कुठे मिळालं?"

मला वाटलं, आता सांगेल. चुकलो म्हणेल. तो माझ्याकडे बघतही नव्हता. फ्रीजचं दार उघडून आत वाकून म्हणाला, "केतकीनेच दिलं ना, वहिनी. म्हणाली, वापर. छान झालंय म्हणाली."

"खोटं!" मी ओरडले. "काका, खोटं का बोलतोस? मी नाही दिलं! तू माझ्या—"

"हळू!" आई म्हणाली. तिचे डोळे हॉलच्या दाराकडे गेले. "त्यात काय काय होतं, तुम्ही सगळं ऐकलंत?"

काका बाटलीचं झाकण फिरवत राहिला. ऐकलं होतं त्याने सगळं. बाबा साहेबापुढे घाबरले हे त्यांच्या धाकट्या भावाने त्यांच्याच बायकोच्या तोंडून ऐकलं होतं. तेवढ्यात बाबा हातात ताट घेऊन आले. "काय गं, कसला आरडाओरडा?" म्हणाले.

मी काय सांगणार होते? काकाने माझं चोरलं, असं म्हटलं तर बाबा विचारणार, काय चोरलं? आवाज लाव बघू. आणि आवाज लावला तर आईचं ते वाक्य हॉलमध्ये सगळ्यांपुढे ऐकू येणार. काकाला हे पक्कं ठाऊक होतं. मी बोलू शकणार नाही, हे बघूनच त्याने माझं नाव घेतलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो त्या ओट्यापाशी मी खाल्ला. आई म्हणाली, "काही नाही. हिचं बोट भाजलं." आणि बाबांच्या ताटात पुऱ्या वाढल्या. माझं बोट बघायला कुणी आलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी तिला सांगितलं. शप्पथ घेतली, रडले, मशीन उघडून दाखवते म्हटलं. ती म्हणाली, "बास गं आता. झालं ते झालं." खरं मानते असं म्हणाली नाही, खोटं मानते असंही नाही. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी सुटले असते. काका पुढच्या आठवड्यात गेला तेव्हा आईने त्याला कुरडयांचा डबा भरून दिला, त्याच कुरडया. मी चिडून बोलले तर म्हणाली, "आपलेच दात आणि आपलेच ओठ. ह्यांचा भाऊ आहे तो." टेबल रिकामं झालं. आम्ही तरी खालीच जेवत राहिलो, सवयीने.

पण एक फरक पडला. आईला रडायला आलं, की ती आधी माझे हात बघायची. फोन आहे का, ते. बघायची, आणि डोळे पुसून कामाला लागायची. मी शिकायला अमेरिकेला निघाले तेव्हा विमानतळावर तिने माझे हात बघितले. एका हातात बोर्डिंग पास होता आणि एका हातात फोन. "नीट राहा," म्हणाली, आणि तिचे डोळे कोरडे ठणठणीत.

लॉस एंजेलिसमधली माझी पहिली नोकरी काकाच्या एका फोनवर मला मिळाली. घेतली मी ती. का नाही घ्यायची? माझं केवढं घेतलं होतं त्याने! त्या फिल्मवर त्याचं नाव पहिल्यांदा सुरुवातीला आलं होतं आणि तिच्या जोरावर त्याला पुढची कामं मिळाली होती. एकदा त्याच्या घरी जेवताना मी सरळ विचारलं, आईला खरं कधी सांगणार आहेस? तो म्हणाला, "त्या एका शॉटवर पिक्चर उभी राहिली, केतू. वहिनी काय सुंदर दिसली त्यात! जुनं उकरून कुणाचं भलं झालंय?" चोराच्या उलट्या बोंबा! मी हात धुतले आणि निघाले. पुढे तो गेला तेव्हा मी अंत्यविधीला गेले, फुलं ठेवली आणि घरी येऊन शांतपणे झोपले. या धंद्यात मी आयुष्यभर उसने चेहरे लावले आहेत, त्याचेच तर पैसे मिळतात. पण खरं रडणारं माणूस मी कधी दुसरीकडे लावलं नाही. दोन निर्मात्यांशी त्यावरून भांडले, एक पिक्चर सोडली. लोक म्हणतात, केतकीचे नखरे. असू देत.

बाबा गेले तोवर ते आणि आई नाशिकला परतले होते. मी पोचले, तर ती आलेल्यांना पाणी देत होती. मला बघितलं, माझे हात बघितले आणि म्हणाली, "प्रवास कसा झाला?" आता बाबा नव्हते, लपवायचं कुणापासून काही उरलं नव्हतं. मी परत एकदा सांगायला बसले. तिने माझ्यापुढे पोह्यांची बशी सरकवली.

मग तिचंच दुखणं आलं. शेवटच्या दिवसांत मी तिच्या खाटेशी होते. एका दुपारी ती एकाएकी म्हणाली, "आईचं तोंड आठवत नाही गं मला. इतकं आठवून बघते, पण ते मोबाईलचंच दिसतं, हललेलं." तिचा ओठ थरथरायला लागला. आणि तिने माझ्या हातांकडे बघितलं. अशा वेळीसुद्धा!

"फोन बाहेर आहे, आई," मी म्हटलं. "हॉलमध्ये चार्जिंगला लावलाय. हे बघ." मी दोन्ही तळवे उघडून तिच्यापुढे पांघरुणावर ठेवले. लहान मूल हात धुऊन आलं की दाखवतं, तसे.

तिने ते पाहिले, नीट पाहिले. मग हळूहळू कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. खोलीत पंख्याचा आवाज होता तेवढाच. मी डोळे मिटले. अर्धा श्वास आला, थांबला, मग उरलेला आला. तो श्वास मला पाठ होता. आई रडत होती, आणि मला फक्त तिची पाठ दिसत होती. मी हात तसेच उघडे धरून बसून राहिले. तिने वळून पाहिलं नाही.